तिसरा हात

सहावी 'ब'मधल्या चोरडियाने विचारलं,
"बाई, राज्य आणि देश, फरक काय?"
तास संपायला सात मिनिटं होती.
मी फळ्यावर लिहिलं: झेंडा. फौज. नाणं. टपालाचं तिकीट.
त्याने वहीत उतरवून घेतलं, पेनाला टोपण लावलं
आणि म्हणाला, हे सगळं तर होळकरांकडेपण होतं.
सराफ्यात आमच्या गल्ल्यात आहे ते नाणं.

मी खडू खाली ठेवला.

नंदलालपुऱ्यात पिसे पेंटर असत.
ब्रश कायम दातांत, म्हणून सगळी वाक्यं
तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर पडत.
उज्जैनच्या रस्त्यावर, नाक्याजवळ, पत्र्याची एकच पाटी
त्यांनी तीनदा रंगवली.
पहिला हात वडिलांच्या हाताखाली, वय अकरा:
होळकर राज्य. सायर भरून पुढे जावे.
दुसरा हात मध्य भारत,
आठ वर्षांचं राज्य, ज्याची राजधानी
थंडीत ग्वाल्हेरला नांदायची
आणि उन्हाळ्यात इंदुरात माहेरपणाला यायची,
फायलींच्या ट्रंका घेऊन.
तिसऱ्या हाताला 'मध्य' तसंच ठेवलं,
'भारत' खरवडून 'प्रदेश' घातलं.
रंग उरला, तो सायकलच्या मडगार्डला लागला.
पत्रा तोच होता. धूळ तीच.
सायरवाला शिपाई तेवढा गेला,
आणि त्याची खाट.

बी.एड.चा नकाशा करून घ्यायला गेले होते मी.
विचारलं, तुम्हीच सांगा, फरक काय?
त्यांनी ब्रश दातांतून काढला. असं क्वचित होई.
"ज्या पाटीचं काम मला मिळतं ते राज्य.
देशाचं काम काही आलं नाही बुवा.
तिथे म्हणे आधी तार लावतात,
पाटी मग."

'मिनी मुंबई नमकीन'चा बोर्ड समोरच सुकत होता.
पैसे घेतले होते, पण खाली
'पिसे' अशी सही नव्हती.
"मुंबईनं कधी म्हटलंय का आपल्याला मिनी?
आपलं आपण लावलेलं नाव म्हणजे उधारी.
टोपणनाव शेजाऱ्याच्या तोंडून यावं लागतं.
आणि थोडं लागावंही लागतं."
मग निमाडची गोष्ट सांगितली:
त्यांच्या तरुणपणी निमाडवाले इकडच्यांना पोहे म्हणत,
इकडचे त्यांना मिरची.
सरकारदरबारी नोंद नाही,
पण एवढी वर्षं वाळून घट्ट. खरवडा आता.

मी रामबागेतली. गल्लीत आम्ही दक्षिणी.
पणजोबांचे पणजोबा आले तेव्हापासून दक्षिणी,
दूधवाल्याच्या वहीतसुद्धा 'दक्षिणी बाई, दीड लिटर'.
आणि पुण्याला मावसबहिणीच्या लग्नात
पंगतीतून कुणीतरी ओरडलं,
ए, त्या उत्तरेकडच्यांना जिलबी वाढा,
ते सकाळी पण खातात.
(खातो. पोह्यांबरोबर.)
सेंधव्याच्या पुढे, घाटात, रात्रीच्या बसमध्ये,
बहुधा मी झोपलेली असताना
दक्षिणेची मी उत्तरेची होते.
येताना परत उलट.
तपासायला कुणी चढत नाही.
ड्रायव्हर फक्त पुढच्या पंपाचा विचार करतो,
डिझेल अलीकडे स्वस्त की पलीकडे.

चोरडियाला काय सांगू यातलं?
म्हटलं, परीक्षेत चारच मुद्दे लिही.
वर पाचवा लिहिलास तर मार्क कापणार नाही.
घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी तो नाणं घेऊन आला, रुमालात बांधून.
चेहरा असलेला सूर्य, नाक झिजलेलं.
काय येतं रे याच्यात आता?
"काहीच नाही, बाई. विकलं तर बरंच काही."

मग मी हजेरी घेतली.
चोरडिया, म्हटलं.
तो तोंड उघडायच्या आत मागचा अख्खा बाक म्हणाला,
होलकर हाजिर!
ळ आमच्या वर्गात माझ्या एकटीच्याच जिभेवर आहे.
तो लाल झाला, खाली बसला,
बेंचवर नखाने काहीतरी खरवडत राहिला.

थोडं लागलं असावं.
टिकेल.